कापलेल्या ओळीची जागा

लोणावळ्यात माझे एक वाक्य प्रसिद्ध आहे. पंचवीसएक वर्षांपूर्वी वडगावच्या कचेरीत, साक्षीदार म्हणून उभा असताना मी ते बोललो. ‘शांततेचे भाषांतर करता येत नाही.’ यंदा स्वराज्यातल्या पहिल्या गणपतीत ते तांबड्या अक्षरांत कापडावर रंगवून मंडपात माझ्या डोक्यावर टांगले होते. वाक्य माझे आहे हे खरे. पण ते बोलण्याच्या थोडेच दिवस आधी, फौजदाराच्या खोलीत, मी आणखी एक गोष्ट बोललो होतो. तिच्यामुळे माझा मित्र तुरुंगात गेला आणि तिचा ठपका एका शिंप्यावर बसला. तो ठपका खोटा आहे, एवढे सांगण्यासाठी हे लिहितो. नावे देत नाही. ज्यांनी त्या शिंप्याकडे कापड टाकणे बंद केले त्यांना तो कोण हे सांगावे लागणार नाही.

तेव्हा मी लोणावळ्याच्या मराठी शाळेत शिक्षक होतो. घर तळेगावचे. कॉलेजचे पहिले वर्ष पुण्यात करून परत आलेला, त्यामुळे गावात इंग्रजी येणारा मास्तर अशी माझी ओळख होती, आणि ती मला आवडत असे. माझा मित्र वराळ्याकडच्या एका शेतकरी घरातला. वडगावच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसलो. त्याने सहावीत शाळा सोडली आणि पुढे लोणावळ्याच्या बाजारात सायकली भाड्याने देण्याचे दुकान टाकले. हंगामात बंगलेवाले पाहुणे सायकली नेत, आणि हंगाम संपला की तो बसून पदे रचत असे. गणपतीतला आमचा मेळा त्याचाच. पदे त्याची, चाली त्याच्या, आणि पेटी त्या शिंप्याची.

शिंपी आमच्याहून थोडा लहान. बोलायला कमी, हाताला गोड. दिवसा मशीनवर जो पाय चाले तोच संध्याकाळी तालावर चाले. त्याच्या बायकोचा भाऊ पोलिसात शिपाई होता. ही गोष्ट तेव्हा कोणाच्या ध्यानातही नव्हती.

त्या काळी मेळ्याला परवाना लागे. गणपती बसण्याच्या आधी पदांच्या दोन प्रती फौजदाराकडे द्यायच्या, सोबत इंग्रजी भाषांतर जोडायचे. ते प्रांतसाहेबांकडे जाई. साहेब तांबड्या पेन्सिलीने नको त्या ओळी कापून प्रत परत पाठवी, आणि मग उरेल तेवढे गायचे. भाषांतर करणारा मी. सरकारी हुकूम होता तसा, आणि मी तो आनंदाने पाळत होतो, कारण त्यात आमची दोघांची एक गंमत होती.

गंमत अशी की मी मुद्दाम वाईट भाषांतर करीत असे. मित्राने एकदा ‘पाहुणा’ नावाचे पद रचले. पाहुणा येतो, ओसरीवर बसतो, मग माजघरात येतो, मग धान्याच्या कणग्या मोजू लागतो आणि शेवटी घरधन्यालाच विचारतो, तुम्ही निघणार कधी? लोक हसून लोळत. मी त्याचे भाषांतर ‘आतिथ्याची थोरवी’ असे केले. साहेबाने शेरा मारला होता की ही चाल फार चांगली आहे, एतद्देशीय लोकांनी ती टिकवावी. मित्राने हा शेरा ऐकला तेव्हा तो हातातले पंक्चरचे सोल्यूशन सांडेपर्यंत हसला.

“मास्तर, तू हाईस म्हनून ह्यो मेळा हाय,” तो म्हणाला होता. “आमी बोलतो आन् तू ते झाकून न्हेतोस. गवताच्या भाऱ्यात इळा न्ह्यावा तसा.”

चारपाच वर्षे हे चालले. सबंध तालुक्यात आमच्या मेळ्याची पदे सगळ्यांत कमी कापली जात आणि सगळ्यांत जास्त झोंबत.

मग प्रांतसाहेब बदलला. नवा साहेब तरुण होता, वाचणारा होता. त्याने माझी आधीच्या वर्षांची भाषांतरे चाळली आणि फौजदारापाशी म्हणाला की हा जो कोणी भाषांतरकार आहे त्याला कवितेचा कान नाही. फौजदाराने ते मला बाजारात, चार लोकांत, हसत हसत सांगितले. “गुरुजी, साहेब म्हणतो तुमचं इंग्रजी म्हणजे हमालाचं इंग्रजी.”

मी घरी आलो. मला जेवण गेले नाही. वाईट भाषांतर हीच माझी कामगिरी होती, तिच्यावर आमचा मेळा उभा होता, आणि कोणी तरी ते वाईट आहे म्हणाले तर मला हसू यायला हवे होते. पण मला अपमान वाटला. पुण्याच्या वसतिगृहात इंग्रजी कविता पाठ म्हणून दाखवणारा मी, आणि मला कान नाही!

त्या वर्षी मित्राने जे पद आणून दिले ते त्याचे सर्वांत चांगले पद होते. गणपतीला उद्देशून साधी तक्रार. ध्रुवपद असे:

सुपाएवढे कान तुला रे, तूच ऐक गणराया,
खुर्चीवरला बहिरा झाला, कुठं जाऊ सांगाया.

पुढे कडव्यांत एकेक जण येऊन आपले गाऱ्हाणे सांगतो आणि दरवेळी हेच ध्रुवपद. मी त्याचे भाषांतर करायला बसलो तो उठलोच नाही. सूप म्हणजे काय हे साहेबाला कळावे म्हणून एक टीप घातली. यमक जुळवले. खुर्ची कोणाची आणि बहिरा कोण, हे वाचणाऱ्याच्या मनात बरोबर उतरेल अशी शब्दांची रचना केली. पूर्वी जे झाकायचे ते सगळे मी त्या दिवशी उजेडात मांडले, कारण मला ते इंग्रजीत मांडता येते हे एका माणसाला दाखवायचे होते. मित्राचे नुकसान करावे असे मनात नव्हते. मित्र मनातच नव्हता.

प्रत परत आली. दुसऱ्या ओळीवर तांबडी रेघ होती. प्रत्येक कडव्याखाली, जिथे जिथे ती ओळ होती तिथे तिथे. आणि माझ्या भाषांतराच्या समासात त्याच तांबड्या पेन्सिलीने लिहिले होते, ‘उत्तम’.

मी दुकानात प्रत घेऊन गेलो तेव्हा मित्र एका चाकाचे आरे ताणत बसला होता. शिंपी पेटीचा भाता दुरुस्त करीत होता. दुकानात आम्ही तिघेच. मी समासातला शेरा अंगठ्याखाली धरून प्रत दाखवली.

“ह्यात काय व्हतं रं एवढं कापाया?” मित्र म्हणाला. “पाहुणा ग्येला निघून आन् ह्यो बिचारा बहिरा अडाकला?”

“साहेब नवा आहे,” मी म्हणालो. “कडक आहे.”

“दुसरी ओळ घाला की,” शिंपी म्हणाला. “ताल तेवढाच ठेवा म्हणजे झालं.”

मित्राने चाक गरकन फिरवले आणि ते थांबेपर्यंत बघत राहिला. मग म्हणाला, “न्हाई घालायची. त्यानं वळ कापली, वळंची जागा कुटं कापली? जागा तशीच ठिवू. पेटी वाजंल, टाळ वाजंल, आपुन कानामागं हात धरून गप उभं ऱ्हायाचं. ज्याला जे भरायचं त्ये त्यानं भरावं.”

शिंप्याने तिथल्या तिथे पेटी पुढे ओढून ते वाजवून पाहिले. पहिली ओळ मित्राने म्हटली, आणि दुसरीच्या जागी नुसती पेटी. खरे सांगतो, ती ओळ कधी एवढी मोठी वाटली नव्हती.

पहिला कार्यक्रम बाजारात झाला, दिवेलागणीला. वर पत्रे, पत्र्यांवर लोणावळ्याचा पाऊस, खाली माणसांची दाटी. फौजदार पुढे बसलेला, हातात परवान्याची प्रत. पाहुणा-पद झाले, आणखी एकदोन झाली, मग हे सुरू झाले. ‘सुपाएवढे कान तुला रे’ आणि पुढे सगळे गप. दहाबारा गडी कानामागे हात धरून उभे. पेटी वाजते आहे, टाळ वाजताहेत, तोंडे बंद.

पहिल्या वेळी लोकांना वाटले पोरे विसरली. दुसऱ्या वेळी कुजबुज झाली. तिसऱ्या कडव्यानंतर ती शांत जागा आली तेव्हा मागून रेल्वेच्या खलाशांपैकी एक जण ओरडला, “आमचा फोरमन!” हशा झाला. पुढच्या वेळी भाजीवाल्या बायांतून आवाज आला, “मुकादम मेला!” एक म्हातारी म्हणाली, “आमचं म्हातारं! दोनी कानांनी!” आणि तिचा म्हातारा तिच्या शेजारीच बसलेला. मग प्रत्येक जागेत नवे काहीतरी पडू लागले. तलाठी, वाणी, जंगलखात्याचा गार्ड. मित्राने लिहिली होती ती एक ओळ. लोकांनी तिथे शंभर ओळी घातल्या, आणि त्यांतली एकही साहेबापुढे कापायला गेलेली नव्हती.

फौजदाराला त्या वेळी कोणी काही बोलले नव्हते. पण मूळ ओळ बाजारात एव्हाना झिरपली होतीच, आणि सगळी माणसे जमिनीवर बसलेली असताना खुर्चीवर बसलेला तो एकटा होता. लोक हळूहळू त्याच्याकडे बघू लागले. त्याच्या ते लक्षात आले, आणि तो उठून उभा राहिला. त्यासरशी जो हशा उठला तो वलवणच्या बाजूला ऐकू गेला असेल.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्याने मला बोलावले. दार लोटून घेतले. बसा म्हणाला, चहा मागवला. मग टेबलावर जुनी पदे आणि माझी जुनी भाषांतरे मांडली.

“गुरुजी, हा पाहुणा म्हणजे कोण हो?”

त्याने त्या पदाचे माझे भाषांतर गठ्ठ्यातून वर काढले.

“आतिथ्याची थोरवी! साहेबाला दाखवू का मूळ पद, पुण्याहून दुसऱ्या कोणाकडून भाषांतर करवून? चार वर्षं सरकारची फसवणूक केलीत तुम्ही. शाळा जाईल ती जाईलच.” मग तो एकदम मऊ झाला. “मला तुमच्याशी काही करायचं नाही. मला एवढंच सांगा, ही गप्प उभं राहायची काय भानगड आहे? ओळ विसरले म्हणतील, दम लागला म्हणतील. कोर्टात मी काय सांगू?”

बायको, तीन मुले, येत्या वर्षी होऊ घातलेली हेडमास्तरी. हे सगळे तेव्हा मनात आले असे मी पुष्कळ वर्षे स्वतःला सांगत आलो. आले असेलही. पण माझी भाषांतरे उलटी करून कोणी तरी वाचणार, आणि ज्या साहेबाने ‘उत्तम’ लिहिले तोच मला लबाड म्हणणार, हेही मनात आले होते. मी चहा प्यायलो आणि मित्राचे वाक्य सांगितले. ओळ कापली, जागा कुठे कापली. जसेच्या तसे, त्याच्याच बोलीत सांगितले.

“तुमचं नाव कुठं येणार नाही,” फौजदार म्हणाला. तो शब्द त्याने पाळला.

खटला वडगावला मामलेदारापुढे चालला. परवान्याची अट मोडून मना केलेला मजकूर लोकांपुढे मांडला, असा आरोप. मेळ्याची माणसे, बाजारातली माणसे, लोणावळ्याहून गाडी भरून आली होती. तळेगावच्या एका वकिलाने मित्राचे काम फुकट घेतले होते आणि ते चांगले चालवले. त्याचे म्हणणे सोपे होते. परवान्यात अमुक ओळ गाऊ नये असे आहे. आरोपीने ती गायली नाही. गप्प राहायला परवाना लागतो असे कोणत्या कायद्यात आहे ते सरकारने दाखवावे. आज हे मान्य झाले तर उद्या तालुक्यातल्या कोणत्याही गप्प माणसाला पकडता येईल.

मामलेदार पेचात पडला होता हे दिसत होते. मूळ ओळ नोंदवण्यासाठी भाषांतरकार म्हणून मला उभे केले. सरकारी बाजूने विचारले, त्या जागी आरोपी गप्प उभे राहिले त्याचा अर्थ तुमच्या मते काय होतो? आणि मी ते वाक्य बोललो. शांततेचे भाषांतर करता येत नाही.

कचेरीत टाळ्या पडल्या. शिपायाने दरडावून त्या थांबवल्या. मित्राने आरोपीच्या जागेवरून माझ्याकडे पाहिले, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होते. मी ते वाक्य घरून ठरवून आलो होतो. हेही सांगून टाकतो.

मग फौजदार उभा राहिला. आरोपी तालमीच्या वेळी आपल्या सोबत्यांना काय म्हणाला याची खात्रीलायक माहिती आपल्याला आहे असे सांगून त्याने मित्राचे वाक्य म्हणून दाखवले. वळ कापली, वळंची जागा कुटं कापली. आवाजसुद्धा काढला. वकिलाने विचारले, माहिती कोणी दिली? फौजदार म्हणाला, ते सांगायला पोलीस बांधलेले नाहीत. मामलेदाराने मान डोलावली.

मित्राने हळूच मान वळवली. त्या वेळी दुकानात तिघे होते हे त्याला ठाऊक होते. एक तो स्वतः. एक मी, आताच कोर्टाच्या तोंडावर शांततेचे ते वाक्य बोललेला. त्याने शिंप्याकडे पाहिले. त्याच्यामागोमाग सगळ्या कचेरीने पाहिले.

शिंपी माझ्याकडे बघत होता.

मामलेदाराला आता आधार मिळाला होता. तरी त्याने वाट ठेवली. यापुढे अशी मोकळी जागा सोडून गाणार नाही असे लिहून दिले तर समज देऊन सोडतो, म्हणाला. मित्राने हात जोडले. “म्हंजी रावसाहेब, हितनं फुडं गप बसायचं न्हाई असं सरकारच म्हनतंय? मग त्ये तुमीच लिवून द्या की मला.” सगळी कचेरी हसली. तो येरवड्याला गेला आणि मेळ्याचा परवाना रद्द झाला.

लोणावळ्यात निषेधाची सभा भरली, देवळात. मेळ्याला पुन्हा परवाना मिळावा, पदे कापण्याची चालच बंद व्हावी, म्हणून कलेक्टराकडे सह्यांचा अर्ज पाठवायचा होता. अध्यक्ष अर्थात मी. माझ्या वाक्याचा नव्याने उच्चार झाला. माणसाला आपल्या मनातले बोलता आले पाहिजे यावर मी बरेच आणि चांगले बोललो. अर्ज वाचून झाला तेव्हा मागे खांबापाशी शिंपी उभा राहिला.

“मला एक सांगायचं आहे,” तो म्हणाला.

कोणी तरी खोकले. मग सगळे खोकू लागले. “मेव्हण्याला सांग जा!” एक जण ओरडला. “पेटीत दडवून आणलंय काय?” दुसरा ओरडला. शिंपी तसाच उभा होता. “मी बोललो नाही कोणापाशी. दुकानात आम्ही तिघं होतो. मला बोलू तर द्या,” एवढे त्या गलक्यातून मला ऐकू आले. लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, वाजवतच राहिले. मग सगळे माझ्याकडे बघू लागले. अध्यक्षाने शांतता राखायची असते.

मी हात वर केला. टाळ्या थांबल्या. शिंप्याच्या तोंडावर एक आशा आली. ती मी पाहिली.

“आज तो विषय नाही,” मी म्हणालो. “बसा.”

तो बसला. अर्जावर सह्या सुरू झाल्या. त्याने सही केली नाही, आणि तोही पुरावा धरला गेला.

पुढचे थोडक्यात. दसऱ्यापर्यंत त्याच्या मशीनवर कापड येणे थांबले. दिवाळीला, जेव्हा शिंप्याला जेवायला वेळ नसतो, तेव्हा तो दारात बसून असे. पौषात तो बिऱ्हाड घेऊन तळेगावपलीकडे घोरावाडीला गेला. आमच्या अर्जाने आणि मित्राच्या हट्टाने दोन वर्षांनी परवाना परत मिळाला, पण मेळ्याला तशी पेटी पुन्हा मिळाली नाही. मला हेडमास्तरी मिळाली. मित्र सुटून आला तो जास्तच धारदार होऊन आला. पदे द्यायचा, कापून घ्यायचा, कापलेल्या जागा तशाच सोडायचा आणि आत जायचा. सगळा तालुका ती चाल शिकला. बेचाळीसनंतर तो शेवटचा सुटला तेव्हा छातीत खोकला घेऊन आला. मी रोज जाऊन त्याच्यापाशी बसे. एकदा मी विषय काढला. म्हणालो, त्या शिंप्याचं आपण…

“त्याचं नगं काडूस,” तो म्हणाला. “पेटी लय ग्वाड वाजवायचा रं. म्हनून जास्त लागतं.” मग माझा हात धरून म्हणाला, “तू तेवढा व्हतास, मास्तर.”

मी सांगितले नाही. मरणाऱ्याला त्रास कशाला, असे मी मनाला म्हणालो. माझ्यापाशी अशी वाक्ये नेहमी तयार असत. स्वराज्य बघायला तो उरला नाही.

यंदा गणपतीच्या आधी मंडळाची तरुण मुले घरी आली. माझा सत्कार करायचा म्हणाली, वाक्य कापडावर रंगवणार म्हणाली. त्यांना हो म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसून घोरावाडीला गेलो.

शिंपी स्टेशनाजवळच्या एका खोलीच्या दारात बसून काजे करीत होता. नजर गेली होती. सुई बोटाने चाचपून घालत होता. माझी हाक ऐकून, मी नाव सांगायच्या आत म्हणाला, “या अध्यक्षमहाराज.”

मी सगळे सांगितले. भाषांतराचे, यमकाचे, ‘उत्तम’चे, चहाचे. तो मध्येमध्ये दोरा तोडत होता.

“यमकाचं ठाऊक नव्हतं,” तो म्हणाला. “बाकी ठाऊक होतं. तिघांतला मी नाही आणि तो नाही, मग राहिलं कोण? एवढा हिशेब शिंप्यालाही येतो, गुरुजी.”

“मग तू नंतर कधी बोलला का नाहीस?”

त्याने सुई कापडात खोचून ठेवली. “बोललो नाही? उभा राहिलो होतो की! तो सुटून आल्यावर त्याच्या दुकानात गेलो, त्यानं चाक फिरवायला घेतलं, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बायकोच्या भावाला बोललो, तो म्हणाला, गप्प बस, माहिती मीच काढली असं वरच्यांना वाटतंय, मला बढती मिळेल. कोणाला सांगायचं राहिलं होतं?” त्याने चाचपून सुई पुन्हा उचलली. “सरकारनं तुमची एक ओळ कापली तर तालुका उठला. मला तुम्ही सगळ्यांनी मिळून कापला. तेव्हा कोणी उठलं होतं का?”

मी मंडपातल्या सत्काराचे सांगितले आणि म्हणालो, मी हे लिहून काढीन.

“लिहून? ज्या तोंडानं बसा म्हणालात त्या तोंडानं बोला. तिथंच बोला. मी येतो.”

तो आला. मंडपात मागे, बांबूला धरून, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. मला हार घातला. लाउडस्पीकरचा कर्णा बांधलेला होता. मी माझ्या वाक्याखाली उभा राहिलो आणि सांगायला लागलो की त्या खटल्यातली चुगली शिंप्याने केली नव्हती, मी केली होती.

पहिल्या रांगेतले हसले. थोर माणसे आपल्याकडे कमीपणा घेतात त्यातले ते त्यांना वाटले. मी पुन्हा म्हणालो, मोठ्याने म्हणालो, फौजदाराच्या खोलीचे सांगितले. आता कुजबुज झाली. मंडळाचा चिटणीस, माझाच विद्यार्थी, पुढे आला. अतिशय प्रेमाने त्याने माझ्या हातातून माइक घेतला. “गुरुजींचं वय झालं आहे,” तो लोकांना म्हणाला. “भावना अनावर झाल्या आहेत. गुरुजींसाठी जोरदार टाळ्या!”

टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत मागून शिंपी काहीतरी बोलू लागला. त्याचा हात वर झालेला मला दिसला. चिटणीसाने कर्ण्यातून सांगितले, “आजोबा, बसून घ्या. मागच्यांना दिसत नाही.”

“त्यांना बोलू द्या!” मी ओरडलो. माइकशिवाय माझा आवाज दुसऱ्या रांगेपर्यंतही गेला नसेल. बँड सुरू झाला.

हार काढून ठेवून मी त्याच्यामागे स्टेशनवर गेलो. तो बाकावर बसला होता, पुण्याच्या गाडीची वाट बघत. नातू मला ओळखत नव्हता, त्याने सरकून जागा दिली. मी बसलो. गाडीचा दिवा घाटाकडून दिसू लागला तेव्हा तो उठला.

“लिहा आता,” तो म्हणाला. “आणि गुरुजी, यमक जुळवू नका.”

म्हणून कोणतीही खुबी न करता लिहितो. वडगावच्या खटल्यात फौजदाराने जे वाक्य म्हणून दाखवले ते त्याला मी सांगितले होते. शिंप्याने सांगितले नव्हते. देवळातल्या सभेत तो हेच सांगायला उभा राहिला होता, आणि मी त्याला बसवले.